सासू-सासरे परदेशी निघाले, तेव्हा...



परदेशप्रवासावर लिहायला बसलेली ही बाई स्वतः अजून समुद्र ओलांडून गेलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. पण सासू-सासऱ्यांना सेलूहून अमेरिकेला धाडायचं आणि सुखरूप परत आणायचं, हा उद्योग मी अंगावर घेतला होता. त्यातलं काही जमलं, काही चुकलं. एक चूक तर अशी केली, की अजूनही रात्री आठवली तर झोप उडते. तुमच्यापैकी कुणाचे आईवडील, कुणाचे सासू-सासरे आज ना उद्या निघणार असतील. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचं सेलू परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं, कापसाच्या बाजाराचं. इथली मुलं शिकायला संभाजीनगर-पुण्याला जातात आणि पुण्याहून पुढं कुठं जातील त्याचा नेम राहिलेला नाही. रात्री नऊच्या सुमाराला आमच्या गल्लीत एखाद्या ओट्यावर कुणी वडीलधारं माणूस मोबाईल तोंडासमोर धरून मोठमोठ्यानं बोलताना दिसलं, की समजावं, तिकडे अमेरिकेत आत्ता सकाळचे साडेअकरा वाजलेत.

माझ्या नणंदबाई न्यू जर्सी राज्यात एडिसनला असतात. त्यांना दुसरं मूल झालं आणि २०२२ च्या दिवाळीत फोन आला, "आई-अण्णांना पाठव." अण्णा म्हणजे माझे सासरे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आई म्हणजे सासूबाई, सातवीपर्यंत शिकलेल्या. प्रत्यक्ष निघायला २०२४ चा मे महिना उजाडला. मधल्या दीड वर्षात काय केलं, असं विचाराल तर कागद गोळा केले!

अण्णांचे कागद चोख होते. नोकरीतल्या माणसाचे असतातच. अडलं ते आईंचं. शाळेच्या दाखल्यावर त्यांचं माहेरचं नाव. लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदललं. म्हणजे सरकारदरबारी त्या दोन बायका झाल्या. त्यात दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९६१ आणि आधार कार्डावर नुसतं १९५८ साल, कारण कार्ड काढणाऱ्या मुलानं "आजी, अंदाजे किती?" असं विचारलं आणि आईंनी अंदाजे सांगितलं. आता १ जूनचं म्हणाल, तर मराठवाड्यात १ जूनला जन्मलेल्यांची जत्रा भरेल. शाळेत नाव घालताना गुरुजी जी तारीख टाकतील ती खरी. अण्णांनीच किती पोरांना १ जूनला जन्माला घातलं असेल, त्याचा हिशेब नाही!

तेव्हा पहिली सूचना ही, की तिकिटाचा विचार मनात येण्याआधी घरातल्या बाईचे कागद काढून एकापुढं एक मांडा. शाळेचा दाखला, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र. नाव आणि जन्मतारीख चारही ठिकाणी एक आहे का, ते पाहा. आम्ही आईंच्या लग्नाची नोंद चाळीस वर्षांनी नगरपरिषदेत करून घेतली, आधार दुरुस्त केलं, मगच पासपोर्टचा अर्ज भरला. टपाल कार्यालयांतून पासपोर्टची केंद्रं २०१७ पासून निघाली आहेत. आम्हाला तारीख मिळाली ती संभाजीनगरची, तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणत होतो. साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टच्या फीमध्ये दहा टक्के सूट असते, तीही मिळाली. विमानाचं तिकीट काढताना मात्र पासपोर्टवर आहे अक्षरशः तेच नाव घालायचं. घरात बोलतात ते नाही आणि लाडाचं तर नाहीच.

व्हिसाची कथा थोडक्यात सांगते. त्या सुमाराला मुंबईच्या वकिलातीत पहिल्यांदा जाणाऱ्यांना फार लांबच्या तारखा मिळत होत्या. मुंबईत एक दिवस बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी मुलाखत. मराठीत बोलायची सोय होती. प्रश्न साधेच असतात. कशाला जाता, कुणाकडे, परत कधी येणार. आईंना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अण्णा द्यायला लागले, तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी "त्यांनाच सांगू द्या" असं म्हटलं. आईंनी सांगितलं, "दसऱ्याच्या अलीकडं-पलीकडं येणार. इकडं घर आहे माझं, दोन नातवंडं आहेत." झालं काम. एक ध्यानात ठेवा. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला, तरी एका खेपेला किती दिवस राहायचं ते तिकडे उतरल्यावर ठरतं. साधारण सहा महिने देतात. ती तारीख नीट पाहून घ्यायची आणि तिच्या आत निघायचं.

आता सामान. भगिनींनो, इथं आपलं राज्य, त्यामुळे चुकाही आपल्याच. आईंनी लेकीसाठी काळा मसाला, येसर, शेंगदाण्याची चटणी, अनारसे आणि पाच किलो ज्वारीचं पीठ एवढं काढून ठेवलं होतं. विमान आखाती देशात बदलायचं होतं. आमच्या शाळेतल्या एका बाईंचा भाऊ दुबईला असतो. त्यांनी सहज विचारलं, "अनारशावर खसखस लावलीत की काय?" मी म्हटलं, खसखशीशिवाय अनारसा होतो का? त्यावर त्यांनी सांगितलं ते ऐकून मी मटकन खाली बसले. दुबई-अबुधाबीकडे, सौदी अरेबियात आणि सिंगापूरलाही खसखस अफूच्या झाडाची म्हणून अमली पदार्थांत धरतात. ती सापडली तर तुरुंगात जायची वेळ येते. आपल्या काळ्या मसाल्यात खसखस, अनारशावर खसखस, डिंकाच्या लाडवात खसखस! सगळं बाहेर काढलं. मसाला खसखशीशिवाय नव्यानं कुटला. खोबऱ्याच्या वाट्याही काढल्या. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेतं, म्हणून विमानात चालत नाही.

अमेरिकेत उतरल्यावर ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, बी-बियाणं, मांस हे नेऊ देत नाहीत. खायचं काय आणलंय असं विचारलं तर सरळ सांगावं. सांगितलं तर फार तर वस्तू काढून घेतात. लपवलेलं सापडलं तर दंड करतात. आणि ज्वारीच्या पिठाचं ओझं वाहू नका. एडिसनजवळ ओक ट्री रोड नावाचा रस्ता आहे, तिथं म्हणे आपल्याकडच्या दुकानांची रांगच्या रांग आहे. ज्वारीचं पीठ तिथं पुड्यांतून मिळतं. आईंनी पाच किलो नेलं आणि नणंदबाईंच्या फळीवर तेच पीठ आधीच ठेवलेलं होतं.

औषधं मोठ्या बॅगेत टाकू नयेत, हातातल्या पिशवीत ठेवावीत. मोठी बॅग एखादे वेळी दुसऱ्याच गावाला जाते. अण्णांना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. ते तर सामानात टाकायचंच नाही, कारण खालच्या कप्प्यात गोठून वाया जाऊ शकतं. गोळ्या पाकिटातून सुट्या काढू नका. डॉक्टरांकडून एका कागदावर औषधांची मूळ नावं इंग्रजीत लिहून, सही-शिक्का घेऊन ठेवा. कंपनीची नावं तिकडे कुणाला कळत नाहीत. खोकल्याची काही औषधं आणि तीव्र वेदनाशामक गोळ्या आखाती देशांत परवान्याशिवाय चालत नाहीत, म्हणून नेण्याआधी विचारून घ्यावं. राहायचं तेवढ्या दिवसांची औषधं, वर पंधरा दिवसांची जास्त. दात, डोळे, कानाचं यंत्र, जे काही दुरुस्तीला आलेलं असेल ते इकडेच उरकून जावं आणि चष्मा दोन न्यावेत. आजारपणाचा विमा तर हवाच. पण बहुतेक विम्यांत आधीपासून असलेला आजार धरत नाहीत किंवा अगदी अकस्मात काही झालं तरच धरतात. तेवढ्या बारीक अक्षरांच्या ओळी घरातल्या कुणीतरी बसून वाचाव्यात. मी वाचल्या, दोन संध्याकाळी गेल्या.

जेवणाचा एक फटका आम्हाला बसला, तोही सांगते. तिकीट काढताना जेवणाच्या रकान्यात "हिंदू जेवण" असं दिसलं. आमच्या ह्यांनी आनंदानं तेच निवडलं. विमानात आईंनी झाकण काढलं तर आत कोंबडी! "हिंदू" म्हणजे फक्त गोमांस नसलेलं, शाकाहारी असेलच असं नाही. शाकाहारी माणसांनी "एशियन व्हेजिटेरियन" किंवा "जैन" असं निवडायचं असतं. आई त्या रात्री दशम्या खाऊन राहिल्या. दशम्या बरोबर होत्या म्हणून बरं.

आता त्या चुकीकडे येते.

सेलूहून रात्रीच्या देवगिरीनं आम्ही मुंबईला गेलो. दोन दिवस आधीच, गाडीला उशीर झाला तर म्हणून. विमानतळाच्या दाराशी, जिथून पुढं तिकीटवाल्यांनाच सोडतात तिथं, मी एक प्लॅस्टिकची फाईल अण्णांच्या हातात दिली. दोघांचे पासपोर्ट, दोघांची तिकिटं, विम्याचे कागद, नणंदबाईंचा पत्ता, फोन, डॉलर, सगळं त्या एका फाईलमध्ये. किती नीट लावून दिलं होतं मी, रंगीत चिठ्ठ्या चिकटवून! आईंच्या हातात दशम्यांचा डबा आणि जपाची माळ होती. मी बी.ए. झालेली, शाळेत मुलींना शिकवणारी बाई. पण आईंचा पासपोर्ट आईंच्या हातात द्यावा, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. घरात कागद अण्णांच्या कपाटात असतात, म्हणून प्रवासातही ते अण्णांच्या बगलेत.

दोघांसाठी चाकाच्या खुर्चीची सोय सांगून ठेवली होती. ती तुम्हीही जरूर सांगून ठेवा, तिकीट काढतानाच. पाय धड असले तरी सांगा. विमानतळ म्हणजे सेलू स्टेशन नव्हे. चालून चालून जीव जातो, आणि खुर्ची ढकलणारा माणूस बरोबर असला म्हणजे कुठं वळायचं, कुणाशी काय बोलायचं याची काळजी राहत नाही. तर विमान बदलायच्या ठिकाणी खुर्च्या आल्या दोन, पण एकामागून एक. अण्णांची पुढं गेली. आईंना एका दालनात आणून बसवलं आणि थांबा म्हणून सांगून तो माणूस गेला, तो आलाच नाही. पुढचं आईंच्याच तोंडून ऐका. परत आल्यावर त्यांनी हे मला स्वयंपाकघरात सांगितलं, अण्णा बाहेर गेले होते तेव्हा.

"कितीतरी वेळ बसले बघ. घड्याळ हाये समोर, पण ते कुठलं टाइम दाखवायलंय कुणाला ठाऊक. मग एक पोरगी आली, म्हणाली, पासपोर्ट. मी म्हणलं, मिस्टर. ती म्हणाली, टिकट. मी म्हणलं, मिस्टर. मग तिनं दुसरीला बोलावलं, तिला हिंदी यायलं होतं. ती म्हणाली, माताजी, मिस्टर का नाम? अन् माय, माझ्या तोंडातून नावच निघंना! लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधी घेतलंय मी? ती पोरगी बघायली माझ्या तोंडाकडं. तिला वाटलं, म्हातारीला नवऱ्याचं नावबी माहीत नाही. मग डोळे मिटले अन् घेतलं. पूर्ण घेतलं, बापाच्या नावासगट."

त्या मुलीनं यंत्रात नाव पाहिलं आणि आईंची खुर्ची स्वतः ढकलत नेली. तिकडे दाराशी अण्णा विमानात चढायला तयार नव्हते, हात जोडून उभे होते. दार लागायला दहा मिनिटं उरली होती. लेकीचा फोन नंबर आईंना पाठ नव्हता, विमानाचा नंबर ठाऊक नव्हता, जवळ एक कागद नव्हता. ती हिंदी येणारी मुलगी त्या वेळी तिथं नसती तर काय झालं असतं, ते मी अजून पुरतं मनात आणत नाही.

आईंनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

एडिसनला पोचल्यावरचे दिवस कसे गेले, हे अण्णांच्या डायरीतून आणि आईंच्या बोलण्यातून असं वेगवेगळं कळतं, की दोघं दोन देशांत राहून आले की काय असं वाटावं. अण्णांच्या डायरीत पाहिलेल्या जागा आहेत, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, पूल, वस्तुसंग्रहालय, आणि मध्ये पानंच्या पानं "आज काही नाही" असं. नणंदबाई आणि जावई दोघेही कामावर, मोठी नात शाळेत. रस्त्यावर माणूस दिसत नाही. वर्तमानपत्र नाही, स्टेशनपर्यंतचा फेरफटका नाही, दुपारच्या चहाला दोस्त नाहीत. तिसऱ्या आठवड्यात अण्णा कुणालाही न सांगता फिरायला निघाले आणि एकसारख्या घरांत आपलं घर कुठलं तेच विसरले. म्हणून पहिल्याच दिवशी घराचा पत्ता एका कार्डावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवावा. आणि तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं धावतात, आपण सवयीनं चुकीच्या बाजूला पाहून रस्ता ओलांडायला जातो. न्यू जर्सीत "मराठी विश्व" नावाचं मंडळ आहे. त्यांच्या गणपतीत अण्णांना दोन निवृत्त शिक्षक भेटले, तेव्हा कुठं डायरीतली पानं भरायला लागली. अमेरिकेत अशी मंडळं गावोगाव आहेत, त्यांची मिळून एक बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संस्था १९८१ पासून आहे. आपले आईवडील जाणार असतील तर तिकडच्या मुलांना आधीच सांगावं, मंडळात नेऊन सोड, ओळखी करून दे.

आईंचं उलटं. त्यांना "आज काही नाही" असा दिवसच मिळाला नाही. बाळाचं न्हाऊ-माखू, चौघांचा डबा, रात्रीचा स्वयंपाक. पहिल्याच दिवशी लाल मिरचीची फोडणी दिली आणि छतावरची धुराची घंटा अशी कोकलली, की बाळ दचकून रडायला लागलं. (तिकडे फोडणीआधी खिडकी उघडायची आणि पंखा लावायचा, हे सगळ्यात आधी शिकून घ्यावं. खरोखरची अडचण आली तर फोन ९११ वर करायचा, हेही.) न्हाणीघरात पाणी बाहेर सांडू द्यायचं नाही, टबात पाय घसरायची भीती. जिन्यावर मऊ गालिचा, त्यावरही पाय सरकतो. तरी आई हे सगळं शिकल्या. महिन्याभरानं मी फोनवर विचारलं, "काय काय पाहिलं?" तर म्हणाल्या, "भांडी घासायचं यंत्र."

मला हे खटकलं. नणंदबाई वाईट नाहीत, लेक आहे ती त्यांची. पण निवृत्त जोडपं परदेशी जातं म्हणजे बहुतेक वेळा काय होतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. सासरे प्रवासाला जातात आणि सासूबाई कामावर रुजू होतात. निवृत्ती फक्त एकालाच असते. मी धीर करून नणंदबाईंना लांबलचक निरोप पाठवला. भावजयीनं नणंदेला असं लिहावं का, याचा दोन दिवस विचार केला आणि मग पाठवला. चार दिवस उत्तर आलं नाही. मग शनिवार-रविवार आईंना स्वयंपाकाला सुटी, असं ठरल्याचं कळलं, आणि आईंना कुठं जायचंय ते आईंनाच विचारायचं, असंही.

आईंनी काय मागावं? त्या म्हणाल्या, आनंदीबाई जोशींची समाधी.

अण्णा शाळेत आनंदीबाईंचा धडा शिकवायचे, तो त्या घरात ऐकत आल्या होत्या. एडिसनहून मोटारीनं साधारण दोन तासांवर, हडसन नदीच्या काठी पोकिप्सी नावाचं शहर आहे. आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या, तेव्हा त्यांना नुकतं अठरावं संपलं होतं आणि बरोबर नवरा नव्हता. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांना न्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. त्यांचं घर रोझेलला, म्हणजे न्यू जर्सीतच, आमच्या नणंदबाईंच्या गावापासून फार लांब नाही. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. त्याच वर्षाअखेर मायदेशी परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली, ती कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत पोकिप्सीच्या स्मशानभूमीत ठेवली आहे.

अण्णांच्या डायरीत त्या दिवसाचं दीड पान आहे. जुनी, मोठाली झाडं, उताराची हिरवळ, साधा दगड. शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचे शब्द त्यावर इंग्रजीत कोरलेले. आईंनी घरून नेलेली हळद-कुंकवाची पुडी काढली, मग थबकल्या. समाधीला हळदकुंकू वाहतात का, असं त्यांनी अण्णांना विचारलं. अण्णांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी आईंनी दगडाच्या कडेला एक बोट टेकवलं. परत येताना मोटारीत त्या अण्णांना म्हणाल्या, "माझा पासपोर्ट माझ्यापाशी द्या." एवढंच डायरीत आहे. त्यावर अण्णा काय म्हणाले ते लिहिलेलं नाही.

परतीचा प्रवास ऑक्टोबरमध्ये झाला, दसरा नुकताच होऊन गेला होता. आईंनी लेकीकडच्या एका जुन्या खणाची गळ्यात अडकवायची पिशवी हातानं शिवली होती. आत त्यांचा पासपोर्ट, तिकीट, शंभर डॉलर, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद. त्यावर विमानाचे नंबर, माझा फोन, लेकीचा फोन, आणि हिंदीत एक ओळ, की मला इंग्रजी येत नाही, मला अमुक विमानात बसायचं आहे. हे सगळं त्यांनी नातीकडून लिहून घेतलं आणि लेकीचा नंबर पाठ केला. विमानात दर दोन तासांनी उठून फिरायच्या, पाणी प्यायच्या, आणि अण्णांनाही उठवायच्या. तासन्तास बसून पायांत रक्त साकळतं, ते टाळायचं तर एवढं करायलाच हवं.

ऑक्टोबरात परत यायचा हट्ट अण्णांचा, तो पेन्शनीसाठी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ मुलाकडे जानेवारीपर्यंत राहिले आणि पेन्शन थांबली, मग धावाधाव. खरं तर तेवढ्यासाठी परत यायची गरज नसते. "जीवन प्रमाण" ही सोय २०१४ पासून आहे, आणि २०२१ पासून मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. परदेशात आपल्या वकिलातीतूनही दाखल्यावर सही मिळते. पण आपली बँक किंवा कोषागार काय मान्य करतं, ते निघण्याआधी विचारून ठेवावं. आणि घरच्या किल्ल्या, गॅसचं पुस्तक, वीजबिल, कोणती ठेव कधी मुदतीला येते, हे एका वहीत लिहून ठेवावं. ती वही घरातल्या बाईलाही वाचता यावी.

ज्यांची मुलं परदेशी नाहीत, त्यांनी हळहळू नये. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं आणि पासष्टीच्या पुढच्यांना तर आधार कार्डही. पशुपतिनाथाचं दर्शन होतं आणि परदेशही घडतो. भूतानलाही मतदार ओळखपत्रावर जाता येतं, मात्र तिथं २०२२ पासून भारतीयांना माणशी दर रात्रीचे बाराशे रुपये सरकारी शुल्क पडतं, ते खर्चात धरावं. पहिल्यांदा असा जवळचा, आठ दिवसांचा प्रवास करून पाहिला तर विमानतळाची भीड मोडते. आम्ही आई-अण्णांना तसं आधी नेलं असतं तर बरं झालं असतं.

आता आई आमच्या गल्लीतल्या परदेशखात्याच्या मंत्री आहेत. जाणारं प्रत्येक जोडपं आधी त्यांच्याकडे येतं. खसखशीचं त्या पहिल्यांदा सांगतात. परवा पलीकडच्या काकू आल्या होत्या. मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाल्यात, चैत्रात. आईंनी लगेच खणाचा तुकडा काढून मशीनवर पिशवी शिवायला घेतली. काकूंचे यजमान दारातूनच म्हणाले, "वहिनी, कशाला त्रास घेता? कागद माझ्यापाशीच राहतील, हिला काय कळायलंय त्यातलं."

आईंनी मान वर केली नाही. काकूंना म्हणाल्या, "उभ्या राहा बरं जरा. नाडी किती लांब ठेवू?"